सतरावं नाव

जेवण झालं की भरमू मधाळे आपलं पितळेचं ताट स्वतः घासायचा, पंच्याच्या टोकानं पुसायचा आणि व्हरांड्याच्या डाव्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून उभं करायचा. ताटाच्या काठावर त्याचं पूर्ण नाव कोरलेलं होतं. त्याच्या आईनं, नागुबाईनं, निपाणीच्या बाजारात कासारासमोर उभं राहून हौसेनं कोरून घेतलेलं. ते नाव भिंतीच्या बाजूला येईल असं ताट फिरवायचं, एक पाऊल मागं सरून बघायचं, एकही अक्षर दिसत नाही याची खात्री करायची आणि मगच वर्गाकडे निघायचं. दीड वर्षात यात एकदाही खंड पडला नव्हता. असं कर म्हणून त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

बेळगावातल्या त्या कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी चालवलेला जेवणाचा क्लब होता. आचारी मुलांनीच ठेवायचा, बाजार मुलांनीच करायचा. एकतीस जणांची यादी स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेली असायची आणि यादीतल्या क्रमानं दर महिन्याला एकजण सेक्रेटरी व्हायचा. कोठीच्या खोलीची किल्ली महिनाभर त्याच्या कमरेला. सकाळी त्यानं कोठी उघडायची, तांदूळ, डाळ, गूळ, तेल मापून आचाऱ्याच्या हवाली करायचं. महिन्याच्या पहिल्या दिवशी नव्या सेक्रेटरीनं पंगतीला पहिला भात स्वतःच्या हातानं वाढायचा, असा रिवाज होता. त्या दिवशी ताटं नसायची, पत्रावळी मांडायच्या. मुलं थट्टा करायची, ‘साहेब, हात सैल सोडा’ म्हणायची, आणि सेक्रेटरी लाजत लाजत ओळीतून फिरायचा.

भरमू क्लबात आला तो सदतीस सालच्या जूनमध्ये. त्याआधीची दोन वर्षं त्यानं कँपात एका नातलगाच्या खोलीवर काढली होती. पण साहेबाच्या घोड्यांची निगा राखणारा तो नातलग साहेबाबरोबर बदलून गेला आणि खोली सुटली. वसतिगृहाच्या रेक्टरांनी शब्द टाकला. एका महाराच्या मुलाला क्लबात घ्यायचं की नाही यावर मुलांनी तीन तास सभा केली. शेवटी घ्यायचं ठरलं. तो कुठं बसणार, ताट कुणाचं, पाणी कोण घालणार आणि किती उंचीवरून, हे सगळं बोलून झालं. व्हरांड्यात, डावा कोपरा. ताट त्याचं त्यानं आणायचं. पाणी आण्णाप्पा आचाऱ्यानं वरून ओतायचं. मग ज्याचं अक्षर चांगलं होतं त्यानं नव्या वर्षाची यादी लिहिली, नेहमीसारखी, क्लबात येण्याच्या क्रमानं. सतरावं नाव भरमूचं आलं.

इतका बारीक विचार करणाऱ्या मुलांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही की ही यादी महिन्यागणिक खाली सरकणार आहे.

भरमूच्या मात्र पहिल्याच दिवशी ध्यानात आलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीचे दोन महिने सोडून त्यानं बोटांवर महिने मोजले. अडतीस सालचा डिसेंबर. त्या वेळी तो खूप लांब वाटला. मग एकेक नाव मागं पडत गेलं, आणि अडतीसचा पावसाळा सरता सरता त्याच्या वरची दोनच नावं उरली. मार्चमध्ये बी.ए.ची परीक्षा होती. क्लबात नसलेल्याला वसतिगृहात खोली मिळत नसे; क्लब सुटला तर या गावात त्याला राहायला जागा नव्हती. जागा सुटली तर परीक्षा सुटली. मग निपाणीची तंबाखूची वखार होतीच. आईच्या शेजारी बसायचं आणि तंबाखूची धूळ छातीत भरून घ्यायची. क्लबात टिकायचं, मार्चपर्यंत टिकायचं, याखेरीज त्याला दुसरं काही नको होतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मारुतीराव देसायानं त्याला नळाजवळ गाठलं. मारुतीराव खानापूरकडच्या इनामदाराचा मुलगा. क्लबातली दहाएक पोरं त्याच्या शब्दाबाहेर नव्हती.

“काय सेक्रेटरीसाहेब, पुढच्या महिन्यात आमटी कसली?” मारुतीरावानं विचारलं. आजूबाजूची दोघं-तिघं फिसकन हसली.

भरमू हातातलं धोतर पिळत राहिला.

मारुतीरावानं आवाज उतरवला. “हे बघ मधाळे, मी काय वाईट माणूस नाही. तू व्हरांड्यात बसतोस, माझी कधी तक्रार आहे? पण कोठीत तू शिरणार, तांदळाला हात लावणार, पंगतीला वाढणार... आण्णाप्पा दुसऱ्या दिवशी गाशा गुंडाळेल. क्लब मोडेल. तुझंच नुकसान. त्यापेक्षा एक चिठ्ठी लिही. अभ्यासामुळं वेळ नाही, पाळी मारुतीरावांना द्यावी. कोण विचारतंय?”

तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो समजुतीनं बोलला. भरमूनं दुपारी वर्गात बसून ती चिठ्ठी लिहिली. चार ओळींची. घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. रोज सकाळी वाटायचं आज देऊन टाकू, आणि रोज संध्याकाळी ती खिशातच असायची. घामानं तिच्या कडा मऊ झाल्या. का देत नाही हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ती कुणाच्या हातात दिली की आपण आयुष्यभर अशाच चिठ्ठ्या लिहीत बसू, एवढं मात्र त्याला कळत होतं.

चिठ्ठी खिशात असतानाच केशव हेरेकर धापा टाकत त्याच्या खोलीवर आला. केशव गावातल्या नामांकित वकिलांचा मुलगा, पण अभ्यासाला निवांत म्हणून वसतिगृहात राहायचा आणि क्लबातच जेवायचा. त्यानं आणि क्लबातल्या-बाहेरच्या दहाबारा जणांनी कॉलेजात समता मंडळ काढलं होतं. मंडळात विनोदिनीही होती. टिळकवाडीतल्या एका शिक्षकांची मुलगी, कॉलेजातल्या मोजक्या मुलींपैकी एक. भरमू मंडळाच्या सभांना कधीमधी शेवटच्या बाकावर बसून यायचा.

“मधाळे, सगळं जमलं!” केशव म्हणाला. “हे बघ.”

त्याच्या हातात गुलाबी कागदावर छापलेलं हस्तपत्रक होतं. शाईचा वास अजून गेला नव्हता. एक डिसेंबर रोजी जाहीर सहभोजन. मंडळाच्या नऊ तत्त्वांचं वाचन. वार्ताहर आणि छायाचित्रकार हजर राहणार. आणि मध्यभागी, सगळ्यांत ठळक टायपात: श्री. भरमू सिदाप्पा मधाळे, जात महार, यांच्या शुभहस्ते भात वाढण्यात येईल. खाली गावाचं नाव, तालुका चिकोडी.

“मंडळानं एकमतानं ठराव केला,” केशव सांगत होता. “मारुतीरावाच्या टोळीला अंधारात कारस्थान करू द्यायचं नाही. उजेडात आणायचं. पाचशे छापली. दोनशे इथं वाटली, बाकीची सकाळच्या मोटारीनं चिकोडी आणि निपाणीला गेलीसुद्धा.”

“निपाणीला?” भरमूनं विचारलं.

“अरे, तुझाच मुलूख! लोकांना अभिमान वाटेल.”

भरमू आपल्या नावाकडे बघत राहिला. एवढं मोठं नाव त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं हस्तपत्रक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. केशवला वाटलं, आनंदानं. तो पाठीवर थाप मारून निघून गेला.

पाचव्या दिवशी दुपारी वसतिगृहाचा शिपाई सांगत आला, “मधाळे, फाटकाशी एक बाई उभी हाय. आत ये म्हटलं तर येईना.”

नागुबाई फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, चिंचेच्या सावलीत उभी होती. लुगड्याला तंबाखूचा वास. ओच्यातून तिनं गुलाबी कागद काढला. चारदा घडी घातलेला, तरी कुठं फाटू दिला नव्हता.

“वखारीत दिवाणजीनं वाचून दावलं,” ती म्हणाली. “लई मोठ्या अक्षरात छापलंय गं तुझ्या लेकाचं नाव, म्हणाला. समद्या बाया गोळा झाल्या. मला वाटलं, काय बक्षीस मिळालं.”

“आई, आबा बरं हायत?”

तिनं कागद पुन्हा घडी घालून ओच्यात खोवला.

“चार दिस झालं, येसकराची भाकर बंद हाय,” ती म्हणाली. भरमूचा बाप सिदाप्पा गावचा येसकर. गावकीची कामं करायची आणि संध्याकाळी दारोदार जाऊन हक्काची भाकरी गोळा करायची, हा त्याचा बापजाद्यांपासूनचा रिवाज. “टोपलं घेऊन गेलं की दारं लावून घेत्यात. पाटलानं चावडीवर बोलावलंतं. म्हणाला, तुझं पोरगं बेळगावला बामना-मराठ्यांस्नी भात वाढणार म्हणं, मग तूबी त्याच्याच पंगतीला जा की. आबा घरी येऊन नुसता बसून ऱ्हायला.”

गावातल्या एकेका बंद दाराची कडी त्याला डोळ्यांपुढे दिसत होती. “मी ते सोडून देतो, आई. चिठ्ठी लिहून ठिवलीया.”

“मी सोड म्हणाय आली न्हाय.”

“मग?”

“तुला इचाराय आले. तुझ्या मनात हाय का वाढायचं?”

रस्त्यावरून एक टांगा गेला, धूळ उडाली, ती खाली बसेपर्यंत दोघं तसेच उभे होते.

“बरं, त्ये ऱ्हाऊ दे,” नागुबाई म्हणाली. “ह्ये छापायच्या आदी तुला कुणी इचारलं व्हतं का?”

“न्हाय.”

“माझ्यासंगं बसणाऱ्या बायाबी हेच म्हणत व्हत्या. बाळाबाई म्हणाली, नागे, पोराला इचारलं असतं तर त्यानं गावाचं नाव घालू दिलं असतं व्हय?” तिनं पदरानं तोंड पुसलं. “मला पाचच्या मोटारीनं जायाचं हाय. भाकरीची काळजी करू नगं. वखारीतल्या बाया एकेक करून देत्यात. पर तू काय करायचं त्ये तुझं तू ठरीव. त्येंच्यावर सोडू नगं.”

आत येऊन पाणी पी, असं तो दोनदा म्हणाला. ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी कॉलेजच्या एका रिकाम्या वर्गात मंडळाची बैठक होती. केशव उभा राहून नऊ तत्त्वं वाचत होता. भाषा देखणी होती. मानवमात्राची एकता, अज्ञानाचा अंधकार, त्यागाची ज्योत. सातव्या तत्त्वावर तो आला तेव्हा शेवटच्या बाकावरून आवाज आला.

“मला एक विचारायचं आहे.”

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. भरमू दीड वर्षात तिथं एक शब्द बोलला नव्हता. त्यानं बाकाची कड धरून ठेवली होती.

“विचार ना,” केशव म्हणाला.

“यातलं एखादं तत्त्व फसलं, तर तुमचं काय जाईल?”

एकजण म्हणाला, “मंडळाची नाचक्की होईल.” दुसरा काहीतरी पुटपुटला. विनोदिनी मग म्हणाली, “माझं काही जाणार नाही, मधाळे. घरी चार बोलणी बसतील, आई दोन दिवस अबोला धरेल. तेवढंच.”

“माझ्या आबांची भाकरी गेली,” भरमू म्हणाला, आणि जे घडलं ते त्यानं सांगितलं. फार लांबवलं नाही.

केशवचा चेहरा उतरला. “पण आम्ही हे तुझ्यासाठीच केलं, मधाळे. तूसुद्धा तेव्हा काही बोलला नाहीस.”

“तुम्ही छापून आणल्यावर बोलायला काय उरलं होतं? हेरेकर, तुम्ही वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या पाठीवर काठी पडणार त्याला आधी विचारा. तो नको म्हणाला तर थांबा. त्याचं नाव, गाव, जात, हे तुमच्या मालकीचं नाही. त्यानं दिलं तरच वापरा. आणि मार कुणाला बसणार हे आधी शोधून काढा. तुम्ही मारुतीरावाचा विचार केलात, वार्ताहराचा केलात. येसकराचा कुणी केला नाही.” तो थांबला. एवढं बोलल्यावर त्याचीच त्याला भीती वाटली. “आणखी एक. हेरेकर, तुमच्या घरी मी दोनदा पुस्तक मागायला आलो होतो. दोन्ही वेळा तुमच्या आईनं पुस्तक ओट्यावर ठेवलं आणि मी उचललं. तुम्ही दारात उभे होता. सहभोजन इथं करायचं ते करा. पण तो ओटाही कुठंतरी यात लिहा.”



केशवच्या हातात अजून नऊ तत्त्वांचा कागद होता. त्या कागदावर त्यानं महिना घालवला होता. मग त्यानं तो उलटा केला आणि पेन्सिल विनोदिनीकडे सरकवली. “तू लिही,” तो म्हणाला. “माझं अक्षर आज नीट येणार नाही.”

विनोदिनीनं भरमूनं सांगितलेलं त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. पाठीवरची काठीही तशीच ठेवली. मग मान वर करून तिनं विचारलं, “आता विचारते. तुम्हाला काय हवंय?”

साडेतीन वर्षांत हा प्रश्न त्याला कॉलेजात कुणी केला नव्हता. खिशातली चिठ्ठी त्याच्या बोटांना लागत होती.

“मला माझी पाळी हवीये,” तो म्हणाला. “सोळाव्या माणसाला मिळाली तशी. समारंभ नको, फोटो नको, पाहुणे नकोत. सतरावा म्हणून मी कोठी उघडणार आणि भात वाढणार. आणि आण्णाप्पा निघून गेला तर एकतीस जणांचा भात कोण शिजवणार, ते आज ठरवा. तुमच्यापैकी कुणाला येतो?”

मंडळातल्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. चूल कशी पेटते हेसुद्धा त्यांच्यातल्या कुणाला धड ठाऊक नव्हतं. विनोदिनीला हसू आवरेना. “सगळं विश्व समान करायला निघालेत, आणि पेज काढता येत नाही!” वार्ताहराला, छायाचित्रकाराला येऊ नका म्हणून निरोप गेले. पुढचे तीन दिवस तिच्या घराच्या मागच्या अंगणात केशव आणि आणखी दोघं डोळे चोळत भात शिजवत होते. पहिल्या दिवशी लापशी झाली, दुसऱ्या दिवशी बुडाला लागला. विनोदिनीची आई खिडकीतून म्हणाली, “वकिलांच्या चिरंजीवांना सांग, फुंकणीला तोंडं दोन असतात. दुसऱ्या तोंडातून फुंकायचं.”

पण भरमूनं केशववर आणखी एक काम टाकलं होतं. “माझ्या आबांना विचारून या. ते नको म्हणाले तर मी चिठ्ठी देणार.”

केशव निपाणीच्या मोटारीनं गेला, पुढं दोन कोस चालला आणि दुसऱ्या दिवशी परतला तो धुळीनं माखलेला. वसतिगृहाच्या पायरीवर बसून त्यानं सांगितलं. सिदाप्पानं आधी त्याला घोंगडं टाकून दिलं आणि स्वतः लांब उंबऱ्याशी बसला. केशव घोंगड्यावरून उठून त्याच्याशेजारी मातीत जाऊन बसला, तर म्हातारा आणखी सरकला. “असं आम्ही सरकत सरकत दाराबाहेर गेलो,” केशव म्हणाला. त्याला हसायचं होतं, पण जमलं नाही.

“काय म्हणाले?”

“मी माफी मागितली. मग विचारलं, भरमूनं वाढावं का? ते तंबाखू चोळत होते. म्हणाले, पोरानं वाढावं. आमचं आमी बघतो. फकस्त कागुद पुन्यांदा छापू नगासा.” केशवनं मान खाली घातली. “वडिलांना सांगून पाटलाला पत्र लिहायला लावू का, असंही विचारलं. नको म्हणाले. म्हणून लिहिणार नाही.”

त्या संध्याकाळी भरमूनं चिठ्ठी फाडली. आता दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

पुढं त्याचं काय झालं हे इथंच सांगून टाकलेलं बरं. तो मार्चमध्ये परीक्षेला बसला, तिसऱ्या वर्गात पास झाला, चिकोडीला मास्तर झाला. त्याच्या गावात येसकराची भाकरी पुन्हा कधी सुरू झाली नाही. सिदाप्पा मुलाजवळ चिकोडीला जाऊन राहिला. विनोदिनीनं लिहिलेला तो कागद मंडळात बरीच वर्षं फिरत राहिला. शेहेचाळीस साली कॉलेजातली नवी पोरं भरमू मास्तरांना अध्यक्ष म्हणून बोलवायला आली, तेव्हा त्यांनी पत्रिका दाखवण्याआधी, छापू का, असं विचारलं. मास्तर म्हणाले, नका छापू, पण येतो. हे सगळं पुढचं. एक डिसेंबरच्या सकाळी यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की हातात किल्ली आहे आणि ती घामानं निसटतेय.

कोठीचं कुलूप उघडायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. आत अंधुक उजेड, गुळाचा आणि गोणपाटाचा वास. दीड वर्षं या खोलीतलं अन्न तो खात होता, पण खोली त्यानं पाहिली नव्हती. मापानं तांदूळ मोजून त्यानं परातीत घातला आणि परात उंबऱ्यावर आणली.

आण्णाप्पा अंगणातल्या दगडावर बसला होता, उपरणं खांद्यावर टाकून. गोकाककडचा माणूस, वीस वर्षं आचारी. “बेड तम्मा,” तो कानडीत म्हणाला. “नको. मला ह्यात घालू नको. गावाकडं माझ्या पोरीचं लग्न ठरतंय. कुणी सांगितलं, तुझा बाप कुणाच्या हातचा तांदूळ शिजवतो, तर?”

“तुमाला कुणी जबरदस्ती करणार न्हाय, आण्णाप्पा,” भरमू म्हणाला. त्याला खरोखर राग नव्हता. अशी भीती त्याला चांगली ओळखीची होती.

केशवनं परात उचलली. चूल पेटायला तास गेला. सगळं स्वयंपाकघर धुरानं भरलं. आण्णाप्पा दगडावरून न उठता ओरडत होता, “पाणी कमी हाय रे! झाकण काढ! अरे, लाकडं मागं ओढ!” आणि आमटीला फोडणी द्यायची वेळ आली तेव्हा मात्र त्याच्यानं राहवेना, उठला, दारात उभा राहिला, तिथूनच हात करून करून त्यानं ती घालून घेतली.

अकराला पंगत मांडली. मारुतीराव आठ जणांना घेऊन दारावरून गेला. जाता जाता त्यानं आत पाहिलं आणि म्हणाला, “चला रे, खानावळीत आज पुरणपोळी आहे.” नऊ पत्रावळी रिकाम्या राहिल्या. त्या कुणी उचलल्या नाहीत.

भरमू भाताचं पातेलं घेऊन ओळीच्या टोकाशी उभा राहिला. पहिला केशव. भात पडला, डावाच्या आकाराचा, थोडा करपलेला. दुसरा, तिसरा. कुणी थट्टा करत नव्हतं. ही शांतता त्याला टोचत होती. सोळाव्या माणसाच्या वेळी केवढा गोंगाट झाला होता. पाचवा मंडळाचा खजिनदार, ठरावाला सगळ्यांत मोठ्यानं अनुमोदन देणारा. डाव खाली येताच त्याचा हात पत्रावळीवर आडवा आला. त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. हातच आला. तो स्वतःच्या हाताकडे पाहत राहिला, घाम फुटलेला, आणि हात काही उचलेना.

डाव हवेत थांबला. भाताची वाफ भरमूच्या तोंडावर येत होती. आता एकेक हात आडवा येत जाणार, असं त्याला स्पष्ट दिसलं.

“अगा भरमूअण्णा, त्येला नगं असंल तर हिकडं वाढ की!” सहाव्या पत्रावळीवरून शामू ओरडला. शामू जांबोटीच्या रानातला शेतकऱ्याचा पोरगा. मंडळात नव्हता, कुठल्याच सभेला गेलेला नव्हता, आणि जेवणापलीकडे त्याची क्लबात ख्याती नव्हती. “सकाळधरनं धूर खातोय. हात सैल सोड जरा. लई भूक लागलीया.”

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. भरमूनं शामूच्या पानावर दोन डाव घातले. खजिनदारानं हात हळूच मागं घेतला आणि मान खाली घालून म्हणाला, “मधाळे, मलाही.” भरमूनं मागं येऊन वाढलं.

शेवटच्या पत्रावळीपर्यंत पोचला तेव्हा पातेलं जवळजवळ रिकामं होतं. सेक्रेटरीनं सगळ्यांत शेवटी बसायचं आणि त्याला आचाऱ्यानं वाढायचं, हाही रिवाजच. भरमू कुठं बसावं म्हणून घुटमळला. शामूनं भरल्या तोंडानं शेजारची रिकामी पत्रावळ दाखवली, तिथं तो बसला. आण्णाप्पा दारातून हलला नाही, म्हणून पातेल्यात उरलेला भात त्यानंच आपल्या पानावर काढून घेतला आणि आमटीही घेतली. मिठाचं भांडं दाराजवळ, आण्णाप्पाच्या पायाशी होतं. पाण्यासारखं मीठ वरून ओतता येत नाही. ते वाकून, पानाच्या कडेला, बोटांनी ठेवावं लागतं.

सगळी पंगत आण्णाप्पाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. आण्णाप्पा उंबऱ्यावर उभा होता, उपरण्याचं टोक मुठीत. एकदा मागं अंगणात पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. मग त्यानं भांडं उचललं, ओळीतून चालत आला आणि भरमूसमोर खाली वाकला. चिमूट घ्यायची ती मूठच भरली गेली आणि सगळी पत्रावळीवर सांडली.

भरमूनं मान वर केली.

“बास की आण्णाप्पा,” तो म्हणाला, “एवढं मीठ कोण खातंय?”